मागच्या पीसचा आकडा: कुपवाडच्या टेस्ट बेंचवरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतलं एक छोटं युनिट फवारणी पंपांचे बॅटरी चार्जर बनवतं. पाठीवरचा पंप, आत १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी आणि सोबत चार्जर असा तो सेट असतो. पंप दुसरी कंपनी जुळवते, हे युनिट फक्त चार्जर पुरवतं. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. युनिट किंवा ग्राहक ओळखू येईल असा तपशील गाळलाय, तांत्रिक भाग मात्र घडला तसाच लिहितोय.

टेस्टिंगच्या टेबलावर अकरा वर्षं एक ताई बसतात. चार्जर फिक्स्चरमध्ये, म्हणजे टेस्टिंगच्या साच्यात, बसवायचा आणि तीन वेळा व्होल्टेज बघायचं: बिनलोड, अर्ध्या लोडवर, पूर्ण दीड अँपिअरवर. बिनलोड आकडा १४.४ च्या आसपास हवा, कारण सहा सेलची बॅटरी, सेलमागे २.४ व्होल्ट. त्याहून जास्त गेलं की बॅटरी तापते, फुगते. पूर्ण लोडवर तो थोडा उतरतो, पण १३.८ च्या खाली जाता कामा नये. ताई हे सगळं वहीत लिहायच्या.

मग ग्राहकाने सीरियल नंबरवार रिपोर्ट मागितला, तोही एक्सेलमध्ये. वहीतून टाइप करायला वेगळा माणूस ठेवणं अण्णांना परवडणारं नव्हतं. टेबलावरच्या तिन्ही उपकरणांना, म्हणजे मीटर, इलेक्ट्रॉनिक लोड (चार्जरवर हवा तेवढा भार टाकणारं यंत्र) आणि स्कोपला (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपला), मागच्या बाजूला यूएसबीचं चौकोनी भोक होतं. नुकत्याच लागलेल्या डिप्लोमाच्या मुलाने पायथनमध्ये प्रोग्राम लिहायला घेतला आणि महिन्याभरात चालवूनही दाखवला. मुलगा हुशार आहे, हे आधीच सांगतो, कारण पुढे त्याच्या कोडबद्दल बरंच बोलायचं आहे.

भोक एकच, तऱ्हा दोन

इथे थोडं थांबायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मापन उपकरणं कॉम्प्युटरने चालवण्याची पद्धत यूएसबीच्या कितीतरी आधीची. ह्यूलेट-पॅकार्डने १९६० च्या दशकात त्यासाठी एक बस तयार केली, ती १९७५ मध्ये आयईईई ४८८ म्हणून मानक झाली. लोक तिला जीपीआयबी म्हणतात. १९८७ मध्ये ४८८.२ आलं. उपकरणाने प्रश्नाला उत्तर कसं द्यावं, अर्धवट राहिलेल्या उत्तराचं काय करावं, हे शिष्टाचार त्यात ठरले. १९९० मध्ये 'स्किपी' (एससीपीआय) आलं, म्हणजे आज्ञांची सामायिक भाषा. म्हणून आजही बहुतेक उपकरणांना '*आयडीएन?' पाठवलं की ती आपलं नाव-गाव सांगतात.

यूएसबीवर हे सगळं नेण्यासाठी २००३ मध्ये यूएसबीटीएमसी हा वेगळा वर्ग, म्हणजे मापन उपकरणांसाठीचा नियमांचा संच, ठरला. त्यात प्रत्येक निरोपाच्या आधी १२ बाइटचं शीर्षक जातं आणि त्यात १ ते २५५ मधला एक टॅग असतो. कॉम्प्युटर उत्तर मागतो तेव्हा एक टॅग देतो, उपकरण उत्तरावर तोच टॅग लावून पाठवतं. कुठली मागणी, कुठलं उत्तर, याची जोडी लागते. काही अडलंच तर दोन्हीकडची पाटी कोरी करायची सोयही त्यात आहे.

पण यूएसबीचं भोक असलेलं प्रत्येक उपकरण हे पाळत नाही. पुष्कळ मीटरमध्ये आत एक छोटी चिप बसवलेली असते, ती कॉम्प्युटरला फक्त एक कॉम पोर्ट, म्हणजे जुन्या पद्धतीची सीरियल जोडणी, दाखवते. म्हणजे जुनंच सीरियल, नव्या कपड्यात. तिथे टॅग नाही, जोडी नाही. नळासारखा प्रकार: आधी भरलेलं आधी बाहेर येणार.

या टेबलावर लोड आणि स्कोप यूएसबीटीएमसीचे होते. मीटर मात्र कॉम पोर्टवाला.

पहिला पेच: ड्रायव्हर

मला बोलावलं ते खरं तर वेगळ्याच कारणाने. स्कोप दिसेनासा झाला होता.

अशा कामात प्रोग्राम आणि उपकरण यांच्यामध्ये 'व्हिसा' नावाचा एक थर असतो. ("व्हिसा काढायला मुंबईला जायला लागतंय काय?" हे अण्णांचं.) तो असला की यूएसबी असो, लॅन असो वा सीरियल, प्रोग्राम लिहायची रीत तीच राहते. मुलाने इंटरनेटवर वाचून झेडिग नावाच्या साधनाने स्कोपचा ड्रायव्हर बदलून विनयूएसबी बसवला होता. त्यामुळे पायथनच्या एका लायब्ररीला स्कोप दिसायला लागला, पण व्हिसाला दिसेना. विंडोजमध्ये एका उपकरणावर एका वेळी एकाच ड्रायव्हरचा ताबा असतो. मग त्याने लोड व्हिसातून आणि स्कोप दुसऱ्या वाटेने चालवायला सुरुवात केली. चार दिवस चाललं, विंडोज अपडेट झालं आणि बंद पडलं.

लिनक्सचा पर्याय निघाला होता. लिनक्सच्या कर्नेलमध्ये यूएसबीटीएमसीचा ड्रायव्हर मुळातच असतो, ही भानगड तिथे झालीच नसती. पण तोच पीसी दुपारनंतर बिलांना लागायचा, आणि मी नसताना लिनक्स कोण सांभाळणार? म्हणून विंडोजच ठेवलं. डिव्हाइस मॅनेजरमधून विनयूएसबी ड्रायव्हरसकट काढला, केबल पुन्हा लावली, एकच व्हिसा ठेवला, दुसऱ्या कंपनीचा काढून टाकला. अर्ध्या दिवसाचं काम.

माझी चूक इथेच झाली. स्कोप दिसला, प्रोग्राम चालला, चहा झाला, मी विश्रामबागेला घरी परत आलो. बाकीचं कोड उघडूनही बघितलं नाही.

खरी अडचण

दोन महिन्यांनी अण्णांचा फोन. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी तोंडावर होती, पंपांची मागणी जोरात होती, आणि नेमक्या त्याच वेळी ग्राहकाकडून चार्जर परत यायला लागले. तक्रार एकच: रात्रभर लावला तरी बॅटरी भरत नाही. रिपोर्टमध्ये मात्र तेच पीस पास.

दुसरीकडे दुरुस्तीच्या टेबलावरचा माणूस वैतागलेला. "तुमचं मशीन रिजेक्ट म्हणून पाठवतंय, आणि मी बघतोय तर पीस चकाचक. काय दुरुस्त करू?"

दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या म्हणून आठवडाभर हाताळल्या गेल्या. मुलगा म्हणत होता, चार्जर प्रवासात बिघडत असतील. अण्णांना सोल्डरिंगवर संशय होता, आणि तो चुकीचाही नव्हता. परत आलेल्या पीसमध्ये पूर्ण लोडवर व्होल्टेज १३ च्या खाली उतरत होतं, कारण एका जोडावर ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड. पण मग टेस्टिंगला ते सापडले का नाहीत?

धागा सापडला तो रजिस्टरमध्ये. परत आलेले सात पीस टेबलावर मांडून ताई त्यांचे नंबर रिजेक्टच्या रजिस्टरशी ताडून बघत होत्या. अचानक थांबल्या.

"सर, इकडं बघा. हा परत आलेला ४१२. आमच्याकडं रिजेक्ट कुठला, तर ४१३. हा ५०७, तर रिजेक्ट ५०८. सगळ्यांचं असंच हाय की ओ."

सातपैकी सातही. बिघडलेल्या पीसचं पाप त्याच्या पुढच्या पीसच्या माथी मारलं जात होतं.

काय घडत होतं

कोड उघडलं. मीटरशी बोलणारा भाग असा होता: प्रश्न पाठव, अर्धा सेकंद वाट बघ, उत्तर नाही आलं तर पुन्हा विचार, जास्तीत जास्त तीनदा. पायव्हिसाची, म्हणजे पायथनमधून व्हिसा वापरायच्या लायब्ररीची, मूळची मुदत दोन सेकंदांची असते. प्रोग्राम भराभर चालावा म्हणून मुलाने ती अर्ध्या सेकंदावर आणली होती.

आता मीटरची बाजू बघा. विजेची घरघर रीडिंगमध्ये येऊ नये म्हणून मीटर विजेच्या पूर्ण आवर्तनांइतका वेळ मोजतो. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. हा मीटर दहा आवर्तनं मोजायचा, २०० मिलिसेकंद. शिवाय दर वेळी आपलं शून्य तपासायचा, म्हणजे दुप्पट, ४००. पीस काढल्यावर तारा मोकळ्या राहतात, तेव्हा मीटर सगळ्यात खालच्या रेंजवर, म्हणजे मोजण्याच्या सगळ्यात लहान पट्ट्यावर, जाऊन बसतो. नवा पीस लावला की तिथून वर चढायचं, त्यात आणखी वेळ. अर्ध्या सेकंदाची हद्द कधी ओलांडायची, कधी नाही.

ओलांडली की काय व्हायचं? प्रोग्राम दुसऱ्यांदा विचारायचा. मीटर बिचारा दोन्ही प्रश्नांना उत्तर द्यायचा. पहिलं उत्तर प्रोग्रामने घेतलं, दुसरं बफरमध्ये, म्हणजे उत्तरांच्या तात्पुरत्या साठ्यात, पडून राहिलं. पुढच्या प्रश्नाला ते शिळं उत्तर तत्काळ हजर, आणि खरं उत्तर त्याच्या मागे रांगेत. तिथून पुढे प्रत्येक आकडा एक घर मागे. अर्ध्या लोडच्या रकान्यात बिनलोडचा आकडा, पूर्ण लोडच्या रकान्यात अर्ध्याचा, आणि पूर्ण लोडचा आकडा जायचा पुढच्या पीसच्या पहिल्या रकान्यात. चांगल्या पीसचे तिन्ही आकडे एकमेकांच्या इतके जवळ की कोणाला संशयही येऊ नये. ड्राय सोल्डरचा दोष मात्र पूर्ण लोडवरच दिसतो, म्हणून नेमका तोच पुढच्याच्या नावावर.

४८८.२ चे नियम काटेकोर पाळणारं उपकरण असतं तर आधीचं उत्तर न उचलता नवा प्रश्न आल्यावर त्याने जुनं टाकून दिलं असतं आणि एरर क्रमांक उणे ४१० नोंदवला असता, म्हणजे 'प्रश्नात व्यत्यय'. या मीटरने तेवढं केलं नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे एकदा घसरण झाली की टाइमआउट (मुदत संपल्याची सूचना) येणंच बंद व्हायचं, कारण उत्तर कायम तयार असायचं. लोड बदलण्याच्या आगेमागे एकेक सेकंदाचा थांबा होताच, तेवढ्यात पुढचं शिळं उत्तर शिजून तयार. पीसमागे सेकंदभर वाचायचा. मुलाने मला अभिमानाने सांगितलं होतं, "सर, दुपारनंतर प्रोग्राम जास्त फास्ट चालतोय." सकाळी प्रोग्राम नव्याने उघडला की बफर साफ व्हायचं, सगळं पुन्हा ठीक. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तपासायला बसलं की दोष दिसायचाच नाही.

कोणते पर्याय होते

वही परत आणणं हा ताईंचा पर्याय. मी तो हसण्यावारी नेला नाही. वहीत अकरा वर्षांत एक घर मागे सरकलेला आकडा नव्हता. पण रिपोर्ट हवाच होता.

नवा मीटर घेणं हा माझा आवडता पर्याय होता, यूएसबीटीएमसीचा किंवा त्याहून बरा लॅनचा. लॅनच्या जोडणीत ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे उपकरणाची आणि पीसीची जमीन (विजेचं ग्राउंड) एक होत नाही. यूएसबीत ती होते. शेजारच्या शेडमधला कॉम्प्रेसर सुरू झाला की स्कोप अधूनमधून गायब व्हायचा. पण सीझनच्या तोंडावर अण्णांनी हात वर केले, आणि ते मला पटलं. दोष मीटरचा कमी, आमचा जास्त होता.

फक्त मुदत वाढवणं हा मुलाचा पर्याय. अर्ध्याऐवजी पाच सेकंद, एका ओळीचा बदल. याने नव्वद टक्के काम झालं असतं, आणि म्हणूनच मला तो धोकादायक वाटला. उरलेल्या दहा टक्क्यांत चूक पुन्हा मुकाट्यानेच झाली असती.

शेवटी ठरलं असं: मीटर तोच, पण त्याच्याशी बोलणारा भाग नव्याने लिहायचा, आणि शंका आली की पुन्हा विचारायचं नाही, थांबायचं.

काय केलं

मुदत पाच सेकंद केली. पुन्हा विचारणं पूर्ण काढलं. टाइमआउट आला की प्रोग्राम लाल पडदा दाखवून थांबणार, पोर्ट बंद करून उघडणार, '*आयडीएन?' ला मीटरचंच नाव आलं तरच पुढे जाणार, आणि तो पीस पहिल्यापासून तपासणार.

रेंज २० व्होल्टला बांधली. म्हणजे बांधली असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, "टिक टिक अजून येतंय की." पीस बदलताना मीटरच्या आतला रिले वाजतो तो आवाज. रेंज बांधल्यावर तो यायला नको. अर्धा तास गेल्यावर कळलं: कोडमध्ये रीडिंग 'मेझर:व्होल्टेज:डीसी?' या आज्ञेने घेतलं जात होतं. ही आज्ञा सोयीची आहे, पण रीडिंग घेण्याआधी ती मीटरची मांडणी आपल्या मूळ पद्धतीवर नेते. मी बांधलेली रेंज ती दर वेळी सोडवत होती. त्याजागी सुरुवातीला एकदा 'कॉन्फिगर' आणि मग प्रत्येक वेळी फक्त 'रीड?' असं केलं. टिकटिक थांबली. ताईंचे कान नसते तर हे माझ्या ध्यानात आलं नसतं, कारण पाच सेकंदांच्या मुदतीत सगळं निमूट चाललं असतं.

मग शून्याची अट. दोन पिसांच्या मधे, फिक्स्चर रिकामं असताना, प्रोग्राम मीटरला एकदा विचारतो. उत्तर एक व्होल्टच्या आत आलं तरच पुढच्या पिसाचा बारकोड घेतो. आकडे सरकले असतील तर इथे मागच्या पिसाचे १४ व्होल्ट दिसणार आणि गाडी थांबणार. पहिल्या दिवशी ही अट चालेना. मोकळ्या तारांवर मीटर शून्य दाखवत नाही, त्याचा इनपुट इतका उंच रोधाचा की आकडा हवेत तरंगत राहतो. फिक्स्चरच्या दोन टोकांना १० किलोओहमचा रेझिस्टर लावला. १४ व्होल्टला त्यातून दीड मिलिअँपिअरसुद्धा जात नाही, चार्जरच्या मोजणीत फरक नाही, आणि रिकाम्या फिक्स्चरला शून्य येतं. अख्ख्या दुरुस्तीत विकत आणलेली वस्तू ही एवढीच.

वीज जाऊन येण्याचा प्रश्न उशिरा सुचला. पीसी यूपीएसवर, मीटर नाही. डोळ्याचं पातं लवेस्तोवर वीज गेली की मीटर नव्याने सुरू होतो, रेंज विसरतो. पण त्याच्यातली यूएसबीची चिप केबलमधून वीज घेत असल्याने कॉम पोर्ट जागेवरच राहतो, प्रोग्रामला पत्ता लागत नाही. '*ईएसआर?' विचारलं की जे उत्तर येतं त्यात १२८ किमतीचा बिट 'मी नुकताच सुरू झालोय' असं सांगतो. दर पिसाला तो बघायला लावला. मीटरही यूपीएसवर घेतला, पण ती वेगळी गोष्ट. यूपीएसची बॅटरी कधीतरी जातेच.

आणि लाल पीस. मुद्दाम ड्राय सोल्डर ठेवलेला एक चार्जर लाल रंगवला. सकाळी सुरुवातीला, जेवणानंतर आणि संध्याकाळी तो चांगल्या दोन पिसांच्या मधे लावायचा. लाल फेल आणि पुढचा पास झाला तरच काम चालू. ही कल्पना ताईंची.

निष्पत्ती

गोदामातले ६४० पीस पुन्हा तपासले. नऊ खराब निघाले. रिजेक्टच्या पेटीतले अकरा पूर्ण चांगले.

अवघड निर्णय पुढे होता. आधीच गेलेल्या मालात किती खराब? रिजेक्टच्या रजिस्टरवरून अंदाज निघत होता: प्रत्येक रिजेक्टच्या मागचा नंबर संशयित. पण खरे रिजेक्ट कुठले आणि सरकलेले कुठले, हे सांगता येईना, कारण प्रोग्राम टाइमआउटची नोंदच ठेवत नव्हता. मुलाने कोडमध्ये त्या जागी 'पास' असं लिहिलं होतं. पायथनमध्ये त्याचा अर्थ 'काही करू नको'. टेस्टिंगच्या प्रोग्रामात, चूक पकडायच्या जागी, 'पास'. आम्ही दोघंही हसलो, पण फार नाही.

अण्णांनी ग्राहकाला स्वतः फोन केला. मी सुचवलं होतं की आधी नेमकी संख्या काढू, मग सांगू. ते म्हणाले, "संख्या काढस्तोवर शेतकऱ्याची फवारणी चुकतीय." संशयित नंबरांची यादी पाठवली, बदली चार्जर आपल्या खर्चाने दिले. ग्राहक टिकला, पण त्याने पुढच्या सीझनची निम्मी ऑर्डर दुसरीकडे दिली.

नव्या प्रोग्रामला पीसमागे चार सेकंद जास्त लागतात. पहिल्या महिन्यात लाल पडदा सहा वेळा आला. चार वेळा विजेमुळे, एकदा ताईंनी पीस लवकर काढल्यामुळे, आणि एकदाचं कारण सापडलं नाही.

पुन्हा केलं तर

पहिल्या भेटीत स्कोपचा ड्रायव्हर नीट करून निघून न जाता उपकरणांशी बोलणाऱ्या सगळ्या ओळी वाचीन. दीडशेच्या आसपास होत्या, तासाभराचं काम.

कच्ची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवीन: काय पाठवलं, काय आलं, किती मिलिसेकंदांनी आलं. ती असती तर उत्तर प्रश्नानंतर दोन मिलिसेकंदांत आलेलं दिसलं असतं. ४०० मिलिसेकंद मोजणाऱ्या मीटरकडून ते शक्यच नाही.

रिट्राय, म्हणजे पुन्हा विचारणं, काढून टाकण्याबद्दल मुलाचं आणि माझं अजून एकमत नाही. तो म्हणतो, बफर साफ करून एकदा विचारायला हरकत काय. तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर आहे. माझं म्हणणं, या टेबलावर नको, कारण थांबण्याचा खर्च चार सेकंद आणि चुकीचा खर्च आपण बघितलाय. तो आता पुण्याला नोकरीला लागलाय, तिथेही हेच काम करतो.

स्कोप कॉम्प्रेसरच्या वेळी अजूनही कधी गायब होतो. त्यासाठी आयसोलेटर, म्हणजे दोन्हीकडची जमीन वेगळी ठेवणारा जोड, मागवायचाय. लाल पिसाचा रंग हाताळून उडाला होता, परवा ताईंनी त्याला दुसरा हात मारला.